तेराशे बावन्नचा अमरदाद

१ जून २०२५, रविवार. मानवत.

आज कागदोपत्री माझा वाढदिवस. सकाळपासून सतरा जणांचे मेसेज आले, त्यातल्या अकरा जणांचा वाढदिवसही आजच. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी सगळ्या पोरांना रांगेत उभं करून खाऊ वाटल्यासारखा एक जून वाटला होता. आई म्हणते, तू कापूस वेचायच्या दिवसांत झालास. पण आधार कार्ड आईला विचारून छापत नाहीत.

वाढदिवस खोटा असला तरी भेट खरी असावी म्हणून स्वतःला ही वही घेतली. उद्यापासून नवीन काम आहे, त्याची नोंद ठेवीन म्हणतो. अडतीस गावांच्या शाळांतल्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांचे फोटो आमच्या कंपनीकडे आलेत. कोण कधी शाळेत आला, कधी गेला, वडील कोण, जात काय, सगळं त्यात असतं. कंपनीनं दरेक शाळेला एकेक फोन दिला होता आणि फोटोला नाव कसं द्यायचं तेही सांगितलं होतं: पानावरच्या पहिल्या नोंदीची तारीख, मग फोटो काढल्याची वेळ. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, एक खालची रेघ, तास आणि मिनिटं. एवढं सोपं. आता ती नावं बरोबर आहेत का ते तपासायचं काम माझं.

२ जून, सोमवार

एवढं सोपं म्हणालो काय काल? अकरा हजार दोनशे आठ फोटो आणि नावं बघावीत तर कपाळावर हात मारावा. एकाचं नाव "नवा फोटो". एकाचं "गुरुजीची सही बाकी". एका महाशयांनी १९७१ सालात तेरावा महिना घातलाय आणि त्या महिन्याला चाळीस दिवस दिलेत. आमचे साहेब भुजंगराव म्हणाले, "हरिओम, हाताने तपास, पंधरा दिवस लागू दे." मी म्हटलं, हाताने तपासायला मी काय दळण निवडायलोय का? शेल स्क्रिप्ट लिहितो, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, दोन मिनिटांत कोंडा वेगळा आणि दाणे वेगळे.

आमचे कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, सगळे हुकूम टाइप करून द्यायचे, आणि भुजंगरावांना ते नको वाटतं. "कर तुझं तू" म्हणून चहाला गेले.

३ जून, मंगळवार

आज इज्जत जायची वेळ आली होती. स्क्रिप्ट चालवली तर ऑगस्ट आणि सप्टेंबरचे झाडून सगळे फोटो बाद. जुलै बरोबर, ऑक्टोबर बरोबर, मधलेच दोन महिने गायब. जेवण सोडून बसलो तेव्हा सापडलं. आकड्याच्या आधी शून्य दिसलं की शेल त्याला आठाच्या मोजणीतला आकडा समजते. त्या मोजणीत सातानंतर एकदम दहा. आठ आणि नऊ तिथं जन्मलेलेच नाहीत, मग ०८ आणि ०९ ला ती म्हणते, असला आकडा मी बघितला नाही. तिला सांगावं लागतं की बाई, हे दहाच्या मोजणीतलं आहे. तेवढं सांगितलं आणि गप्पकन सगळे महिने परत आले.

यंत्र मूर्ख नसतं, त्याची मोजणी वेगळी असते. हे माझं आजचं वाक्य. स्वतःवर खूश आहे.

५ जून, गुरुवार

स्क्रिप्ट पूर्ण झाली. लय देखणी झालीय, मलाच दृष्ट लागायची. आधी नावाचा साचा बघते. मग लिनक्सच्या डेट कमांडला विचारते की अशी तारीख असते का, एकतीस एप्रिल असला की ती तिथंच नकार देते. मग तास तेवीसच्या आत, मिनिटं एकोणसाठच्या आत. आणि माझ्या डोक्यानं एक अट वाढवली: वर्ष १९०० च्या पुढचं पाहिजे. कारण डेट कमांड भोळी आहे, तिला तेराशे साल दिलं तरी चालतं.

निकाल: १०,५६६ बरोबर, ६४२ चूक. त्या चुकांपैकी ४१२ एकट्या एका शाळेच्या, ताडकळसच्या पुढचं एक गाव आहे तिथल्या. वर्षं बघा: १३४५, १३५०, १३५२. म्हणजे शिवाजी महाराजांच्या आधी तिथं शाळा भरत होती म्हणायची. आणि फोटोच्या वेळा सगळ्या सकाळी सहा दहा ते साडेसात. एवढ्या सकाळी शाळेत कोण असतं? फोनचं घड्याळही बोंबललेलं असणार. भुजंगरावांना दाखवलं, दोघं पोट धरून हसलो.

दुपारी एका बाईचा फोन आला. "मी गीता बोलायले. सितारामाची गीता म्हणा, गावात कुणालाबी विचारा. आमच्या साळंचे फोटू पोचले का साहेब?" पोचले म्हटलं. "आकडे हायत तसेच ऱ्हाऊ द्या बरं का." हो हो म्हटलं आणि ठेवला. कुणाची कोण.

९ जून, सोमवार

भुजंगराव म्हणाले, चुकीच्या फायली कशाला सांभाळायच्या, जागा मोकळी कर. शाळांकडून आलेले फोनही कालच पुसून दुसऱ्या तालुक्याला पाठवले. मी एका ओळीत ६४२ फायली उडवल्या. लिनक्समध्ये उडवलं की उडालं, कचऱ्याची टोपली वगैरे लाड नसतात.

त्या गीताबाईचा पुन्हा फोन येत होता. उचलला नाही.

१२ जून, गुरुवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण वही खोटं बोलायला घेतली नव्हती.

प्रियदर्शनी नावाची एक मुलगी आली. परभणीला राहते, बारावी झालीय, नर्सिंगला नंबर लागायच्या बेतात आहे. जात पडताळणीचा अर्ज वीस तारखेच्या आत भरून पावती दाखवायची आहे आणि त्याला १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. घरात काहीच नाही. तिचे आजोबा रंगनाथ रझाकारीच्या आधी शाळेत होते एवढंच वडिलांना माहीत. पुढं वडिलांनीच गाव सोडलं, त्यामुळे तिला तिथं ओळखणारंही कुणी नाही. तिथल्या शाळेचे हेडमास्तर एक वर्षापूर्वी आलेले. ते म्हणाले, जुनी रजिस्टरं पोत्यात भरून खोलीत टाकलीत, मला त्यातलं अक्षर लागत नाही, मानवतला फोटो गेलेत तिथं शोधा, रजिस्टर नंबर आणि पान आणून द्या, मी लगेच उतारा देतो.

गावाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. ताडकळसच्या पुढचं.

मी कॉम्प्युटरमध्ये शोधल्यासारखं केलं. तिच्यासमोर दहा मिनिटं नुसता माऊस हलवत बसलो. त्या शाळेचे माझ्याकडे १९५१ नंतरचेच फोटो होते. ती विचारायची, "दादा, सापडतंय का?" मी म्हटलं, सोमवारपर्यंत बघतो. ती थँक्यू म्हणून गेली. थँक्यू म्हणाली मला.

१३ जून, शुक्रवार

सकाळी पहिलं काम केलं ते फोनमधला जुना नंबर शोधायचं. गीताबाईनं पहिल्याच घंटीला उचलला.

मी विचारलं, बाई, ते तेराशे बावन्न वगैरे काय आहे? त्या म्हणाल्या, "फसली हाय की ते. निजामाच्या राजवटीतलं साल." जसं काही मी विचारलं होतं की पाणी कशाला म्हणतात. रजिस्टरात नावं मराठीत आहेत, पण तारखा सगळ्या फसली सालाच्या आणि उर्दू आकड्यांत. त्यांनी जे होतं ते टाकलं होतं. तेराशे बावन्न म्हणजे आपलं १९४२-४३.

बी.सी.ए. केलेला मी. माझा आजा उठता-बसता फसली-फसली करायचा, शेताच्या कागदावरही तेच. आणि मी शिवाजी महाराजांवरून विनोद केला.

मी म्हटलं, "गीताबाई, फोटोंचं जरा असं झालं..." तेवढ्यावरूनच त्यांनी ओळखलं. मग म्हणाल्या, "पुसले व्हय?"

हो म्हटलं.

"मग या उद्या. फोटू गेलेत, पानं कुठं पळालीत. पण सकाळच्या पारीच या, ऊन वर चढलं की मला दिसत न्हाई."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ जून, शनिवार

भुजंगरावांची मोटरसायकल मागून घेतली आणि पहाटेच निघालो. परभणी, ताडकळस, पुढं कच्चा रस्ता. पोचलो तेव्हा सव्वासहा वाजले होते. शाळेच्या फाटकापाशी एक बुटक्या बाई झाडत होत्या. मी विचारलं, गीताबाई कुठं भेटतील? मला वाटलं होतं कुणी उर्दू शिकलेल्या मास्तरीण असतील, चष्मा वगैरे. बाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, "चला."

त्या शाळेत शिपाई होत्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, तरी रोज येऊन झाडतात. मी विचारलं, रजिस्टरांच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे कशी? "आजून कुणी मागितलीच न्हाई," म्हणाल्या.

खोलीत सात पोती. मला वाटलं दिवस जाणार. बाईंनी पोत्यांकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीखाली एक लोखंडी पेटी होती, ती उघडली, आत कडुलिंबाचा पाला आणि त्यावर ओळीनं लावलेली रजिस्टरं. पोत्यात रद्दी आहे म्हणाल्या, कामाचं सगळं इथं. हेडमास्तरांना सांगितलं नाही का? "त्यांनी इचारलं न्हाई."

हे सगळं त्या शिकल्या कशा, ते रजिस्टर काढता काढता सांगितलं. नोकरीला लागल्या तेव्हा जुने बडे गुरुजी होते. जन्माच्या दाखल्यासाठी कुणी आलं की ते खुर्चीवरून नुसते ओरडायचे, बावन्नचं काढ, सत्तेचाळीसचं काढ. बाईंना मराठीही नीट वाचता येत नव्हतं. त्यांनी उर्दू आकडे चुलीपुढं राखेत गिरवून पाठ केले. महिने आकारावरून ओळखायला शिकल्या. आणि क्रम चुकू नये म्हणून झाडू मारताना म्हणायच्या. मला म्हणून दाखवलं, एका दमात, मान हलवत: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. बारा महिन्यांना बारा फटकारे, म्हणजे एक खोली झाडून होते.

मी आजवर पुष्कळ हुशार माणसं बघितली. पुण्याला ट्रेनिंगला गेलो होतो तिथं तर ढिगानं होती. पण असं डोकं बघितलं नाही. माझ्या स्क्रिप्टला आठ आणि नऊ समजावायला मला अख्खी दुपार लागली, आणि ह्या बाईंनी अख्खं कॅलेंडर झाडूच्या ठेक्यावर बसवलं. ते मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उगं कायबी."

आणि सकाळची वेळ? फोनचं घड्याळ अगदी बरोबर होतं. खिडकी पूर्वेला आहे. सहा ते साडेसात ऊन तिरपं येतं आणि फिकी शाई तेवढ्याच वेळात उठून दिसते. गेल्या उन्हाळ्यात दोन महिने रोज त्या वेळेला येऊन त्यांनी एकेक पान धरलं होतं. मी ते एका ओळीत उडवलं.

मी प्रियदर्शनीच्या आजोबांचं, रंगनाथचं नाव सांगितलं. बाईंनी रजिस्टर उघडलं, चाळलं नाही, सरळ मधे बोट घालून पान काढलं. पान ४७. चौदा अमरदाद तेराशे बावन्न. रंगनाथ, वडिलांचं नाव, वय सात, जातीचा रकाना, सगळं स्वच्छ. मला इतका आनंद झाला की रजिस्टर नंबर आणि पान मी तळहातावरच लिहून घेतलं.

त्याच्या खालच्या ओळीवर दुसरा मुलगा होता, त्याच दिवशी दाखल, नाव सिताराम. खारीज पंचवीस अमरदाद. मी मोजलं, अकरा दिवस. म्हटलं, हा गडी अकरा दिवसांतच पळाला वाटतं.

"पळाला न्हाई," गीताबाई म्हणाल्या. "ढोरामागं लावला त्येला."

बाईंना गावातल्या सगळ्यांची खबर, ऐंशी वर्षांपूर्वीची सुद्धा. त्यांचं बोट त्या ओळीवरच राहिलं होतं. मी म्हटलं, बाई, आपल्याला वरची ओळ पाहिजे. त्यांनी बोट वर सरकवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, ऊन एव्हाना सरळ तोंडावर यायला लागलं होतं. मी खिडकीचं एक दार लोटून घेतलं.

निघताना विचारलं, एवढं नेमकं कशाला टाकलंत? आपलं साल करून टाकलं असतं तर माझ्या स्क्रिप्टनं धरलं नसतं. त्या म्हणाल्या, "लिवलंय ते बदलणारी मी कोण? माझी तारीख गुरुजीनं अंदाजानं टाकली, एक जून. तिच्यामुळं नोकरीतून दोन वर्सं आधीच घरी बसले मी. माझी खोटी झाली ती झाली, दुसऱ्याची खोटी माझ्या हातानं व्हऊ द्यायची न्हाई."

एक जून. माझी स्क्रिप्ट त्या तारखेला डोळे झाकून बरोबर म्हणते. दोघांच्याही.

१६ जून, सोमवार

प्रियदर्शनीला फोन करून शाळेतच बोलावलं होतं. ती बसनं आली. गीताबाईंना बघून "जयभीम, आजी" म्हणाली. बाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रंगनाथ बाबाचं कपाळ हाय गं तुला."

हेडमास्तर भले माणूस. पान बघितल्यावर लगेच उतारा लिहायला घेतला, पण इंग्रजी तारखेच्या रकान्यापाशी अडले. गीताबाई दारातूनच म्हणाल्या, "पाचशे एक्याण्णव मिळवा, सर. आजूर-दै असता तर पाचशे नव्वद. बहमनला जपून ऱ्हावं लागतंय, त्यो डिसेंबर-जानेवारी दोन्हीकडं सांडतोय." मास्तरांनी मिळवलं. १९४३, जून महिना. मग ते उठले आणि स्वतःची खुर्ची बाईंकडे सरकवली. बाई बसल्या नाहीत, पण मला ते बघून लय बरं वाटलं.

मग मी प्रियदर्शनीला खरं सांगितलं. फोटो होते, मी पुसले, त्या दिवशी तुझ्यासमोर नुसतं नाटक केलं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "दादा, तुम्ही इथं आला नसता तर?"

१८ जून, बुधवार

काल प्रियदर्शनीनं अर्ज भरला. पावतीचा फोटो मला पाठवलाय, खाली एक शब्दही नाही. मी तेवढ्याच लायकीचा आहे.

भुजंगरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बोंबलू नको कुठं, चारशे फोटो कोण मोजतंय. मी म्हटलं, साहेब, ते मी परत काढणार, माझ्या सुट्टीत, माझ्या फोननं. त्यांनी हात जोडले. उडवलेल्या बाकीच्या फोटोंची यादी अजून माझ्याकडे आहे, त्या शाळांनाही एकेक करून फोन लावायलोय.

स्क्रिप्टही बदलली. तेराशेतली वर्षं आता फसली म्हणून वेगळी निघतात आणि महिन्याप्रमाणे इंग्रजी साल बाजूला लिहिलं जातं. "चूक" नावाचा फोल्डर काढून टाकला. त्याच्या जागी केला त्याचं नाव "विचारा". स्क्रिप्टला जे कळत नाही ते तिथं जाऊन बसतं आणि मी शाळेत फोन लावतो. काल एका शाळेत लावला तर तिथले गुरुजी म्हणाले, आम्हाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तेरावा महिना मात्र यादीत अजून तेरावाच आहे, ते महाशय फोन उचलत नाहीत.

२९ जून, रविवार

त्या शाळेत माझ्या नऊ सकाळी झाल्या. आज चारशे बारावं पान झालं. मी फोन धरायचो, गीताबाई पान धरायच्या आणि तारीख सांगायच्या, मी नाव टाकायचो. एकदाही अडखळल्या नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणायला लागलो आणि त्यांनी साहेब म्हणायचं सोडलं. मलाही बारा महिने पाठ झालेत, पण त्यांच्यासारखे एका दमात येत नाहीत, अर्दिबेहिश्तला जीभ अडखळते.

पान ४७ आलं तेव्हा मावशी म्हणाल्या, ह्याचे दोन काढ. एक पुसट आला तर असावा म्हणून असेल. काम म्हणजे काम, त्यांच्याकडून शिकावं. संध्याकाळी स्क्रिप्टनं तो दुसरा फोटो दुबार म्हणून बाजूला काढला होता. मी तो उडवला नाही.

त्याचीच मी परभणीहून एक मोठी प्रत छापून आणली होती, चांगल्या जाड कागदावर. मावशींना काहीतरी द्यावं असं फार मनात होतं आणि त्या साडीचोळी घेणाऱ्यांतल्या नाहीत. ज्या ओळीसाठी एवढी धावपळ झाली ती रंगनाथची ओळ पिवळी करून घेतली होती, म्हणजे आठवण राहील. आज निघताना दिली.

त्यांनी कागद खिडकीपाशी नेला. लय वेळ बघितला. मग म्हणाल्या, "हे माझ्या घरात ऱ्हाईल?" मी म्हटलं, तुमचाच आहे. त्यांनी तो घडी करायला घेतला. दोनदा घातलेली घडी मोडली, पुन्हा जुळवून घातली. मी बघितलं तर पिवळी ओळ आत गेली होती आणि तिच्या खालची, त्या अकरा दिवसांच्या पोराची, सितारामची, वर आली होती.

मी म्हटलं, "मावशी, घडी चुकली."

"न्हाई," त्या म्हणाल्या, "बराबर हाय."

आणि कागद कमरेच्या पिशवीत किल्लीशेजारी ठेवून त्यांनी झाडू उचलला.